थंड हवेच्या ठिकाणी मलेरिया होत नाही का? उंची, ऋतू आणि डास यांचा इतिहास

दिवाळीच्या आसपास थंडी वाजून ताप आलेल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, "मागच्या महिन्यात कुठे बाहेरगावी गेला होता का?" उत्तर येतं, "चिखलदऱ्याला गेलो होतो, पण तिथे थंडी होती. थंडीत कुठले आले डास?" असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. थंड हवेच्या ठिकाणी हिवताप होत नाही, या समजुतीवर दोनशे वर्षांपूर्वी आपल्या देशात गावंच्या गावं वसवली गेली. ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी चुकीची आहे आणि तीच धोक्याची आहे. आजच्या लेखात या दोन्ही अर्ध्यांचा इतिहास पाहू.

"वाईट हवा" आणि डोंगराची वाट

मलेरिया हा शब्द इटालियन भाषेतून आला. त्याचा अर्थ "वाईट हवा". दलदलीतून, कुजलेल्या पाल्यातून विषारी हवा निघते आणि ती अंगात शिरली की ताप येतो, असं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातले बहुतेक डॉक्टर मानत. आपल्याकडच्या वैद्यांचं लक्ष मात्र ऋतूकडे होतं. शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आई, अशी एक जुनी थट्टा आहे. पाऊस संपताना आजार वाढतात आणि वैद्यांचं पोट भरतं, असा तिचा अर्थ. मराठीतला "हिवताप" हा शब्दही फार नेमका आहे. आधी हीव, मग ताप. रोगाचं कारण माहीत नसतानाही लोकांनी लक्षण आणि महिना, दोन्ही बरोबर टिपले होते.

वाईट हवा खाली साचते, असं मानलं की उपाय उघड होता: वर जा. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसलं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानला पोचले. पाचगणी जॉन चेसन यांनी १८६० च्या दशकात हवापालटासाठी वसवली. आपल्या बाजूला निजामाच्या फौजेतले कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये चिखलदऱ्याला गेले आणि पुढे ते वऱ्हाडातल्या अधिकाऱ्यांचं उन्हाळ्याचं ठिकाण झालं. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. त्याच वर्षी कॅप्टन जेम्स फोर्सिथ सातपुड्यात पचमढीच्या पठारावर पोचले. पुढे मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूरहून पचमढीला जाऊ लागलं.

वर गेलेल्या लोकांना खरोखरच ताप कमी येई. त्यामुळे समजूत पक्की झाली.

कधी जायचं, हे कोणी ठरवलं?

या थंड हवेच्या ठिकाणांचं वेळापत्रक मात्र नीट पाहा. मुंबईचं सरकार एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत महाबळेश्वरला असे. पाऊस सुरू झाला की ते खाली पुण्याला येई. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा पावसात तिथे राहणं शक्यच नव्हतं. म्हणजे साहेब लोक डोंगरावर असत ते बहुतेक कोरड्या महिन्यांत.

दुसरीकडे वन-अधिकारी आणि शिकारी यांच्यात एक अलिखित नियम होता: पाऊस संपल्या-संपल्या डोंगरातल्या जंगलात मुक्काम करू नये. थंडी चांगली पडू द्यावी, ओढ्यांचं पाणी कमी होऊ द्यावं, मग आत जावं. त्या महिन्यांत जंगलात राहणारे आदिवासी, लाकूडतोडे आणि रस्त्यावरचे मजूर मात्र तिथेच असत आणि तापाने फणफणत.

साहेबांना ताप कमी येण्याचं श्रेय अशा रीतीने उंचीला मिळालं. त्यातला मोठा वाटा महिन्यांचा होता, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

डोंगरातच आजारी पडलेला डॉक्टर

अल्फोन्स लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० मध्ये अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी पाहिला. हा परजीवी माणसात शिरतो कसा, हे शोधत होते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर रोनाल्ड रॉस. रॉस यांचा जन्म १८५७ मध्ये हिमालयातल्या अल्मोड्याचा.

१८९७ च्या उन्हाळ्यात रॉस रजा घेऊन निलगिरीत उटीला गेले. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच. तिथून उतरणाऱ्या सिगूर घाटात कॉफीचे मळे होते आणि तिथला ताप कुप्रसिद्ध होता. वर उटीत ताप नाही, पण थोडं खाली घाटात मात्र भरपूर, असं का, हे बघायला रॉस घाटात उतरले आणि त्यांना स्वतःलाच मलेरिया झाला. त्यातून बरे होऊन ते सिकंदराबादला परतले. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना ॲनोफिलीस जातीच्या डासाच्या पोटात परजीवीच्या गाठी दिसल्या. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

रॉस यांच्या या आजारपणात आपल्या विषयाचं सार आहे. डोंगराचा माथा आणि डोंगराचा घाट या मलेरियाच्या दृष्टीने दोन वेगळ्या जागा आहेत. परतवाड्याहून वर चढताना किंवा सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे जाताना तुम्ही ज्या दऱ्याखोऱ्यांतून जाता, तो घाट. चिखलदऱ्याचं पठार सुमारे १,१०० मीटरवर आहे, ते वेगळं. आपण दोन्हींना एकाच सहलीत गाठतो आणि दोन्हींना "थंड हवा" म्हणतो.

दोन डास, दोन स्वभाव

मलेरियाचा डास म्हणजे एकच डास नव्हे. आपल्या भागासाठी दोन जाती महत्त्वाच्या आहेत.

पहिली, ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस. हा मैदानाचा डास. पावसाची डबकी, कालव्याचं झिरपलेलं पाणी, नदीच्या पात्रातले खड्डे, विहिरी यांत त्याच्या अळ्या वाढतात. त्याला माणसापेक्षा गुराढोरांचं रक्त जास्त आवडतं. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोनेक महिन्यांत त्याची संख्या वाढते.

दुसरी, ॲनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस. हा डोंगरपायथ्याचा डास. त्याला घाण पाणी चालत नाही. स्वच्छ, संथ वाहणारं, काठाला गवत असलेलं झऱ्याचं पाणी त्याला लागतं. ज्या पाण्याकडे पाहून आपण "किती नितळ आहे" म्हणतो, नेमकं तेच. डोंगराळ भागात तो माणसाला आवडीने चावतो, म्हणून संख्येने थोडा असला तरी जास्त लोकांना आजारी करतो.

आता झऱ्याचं वर्षभराचं वेळापत्रक आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये ओढे फोफावतात, अळ्या वाहून जातात. सप्टेंबर संपला की पाणी निवळतं, वेग कमी होतो, काठाला गवत वाढतं. ऑक्टोबरपासून पुढे थंडीच्या महिन्यांपर्यंत हा डास जोरात असतो. मेळघाटात खापरा, सिपना, गडगा, डोलार, खंडू या नद्या तापीकडे वाहतात आणि त्यांना शेकडो ओढे मिळतात. सहलीला सगळ्यात सुंदर दिवस असतात ते हेच, हिरवेगार डोंगर आणि खळाळते झरे.

उंचीचं गणित

मग थंडीमुळे काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो मोजता येतो.

डासाने मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायलं म्हणजे तो लगेच दुसऱ्याला मलेरिया देऊ शकतो असं नाही. परजीवीला डासाच्या पोटात वाढून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला काही दिवस लागतात. ते दिवस तापमानावर अवलंबून असतात. सोव्हिएत संशोधक डेटिनोवा यांच्या १९६२ च्या ग्रंथामुळे यासाठीचं एक सोपं सूत्र सर्वत्र वापरलं जाऊ लागलं. फाल्सिपेरम या सर्वांत घातक परजीवीसाठी दिवसरात्रीच्या सरासरी तापमानातून १६ वजा करा आणि आलेल्या आकड्याने १११ ला भागा. उत्तर येईल तितके दिवस.

सरासरी २६ अंश असेल तर १११ भागिले १०, म्हणजे सुमारे ११ दिवस. सरासरी साडेएकवीस असेल तर सुमारे २० दिवस. २० अंशांना २८ दिवस. १७ अंशांना तब्बल १११ दिवस. १६ च्या खाली वाढ थांबते. व्हायवॅक्स हा दुसरा परजीवी थोडा काटक आहे. त्याची वाढ साडेचौदा अंशांपर्यंत हळूहळू चालू राहते.

आता डासाचं आयुष्य बघा. समजा, दर दिवशी शंभरातले ८५ डास दुसऱ्या दिवसापर्यंत जगतात. मग ११ दिवसांनी शंभरातले सुमारे १७ उरतात, २० दिवसांनी ४, आणि २८ दिवसांनी फक्त १. परजीवी तयार होण्याआधीच बहुतेक डास मेलेले असतात. थंडी आपल्याला वाचवते ती अशी. डास नसतात म्हणून नव्हे, तर असलेल्या डासांत परजीवी वेळेत पिकत नाही म्हणून.

उंचीचा संबंध इथे येतो. दर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. चिखलदरा वर्ध्याच्या मैदानापेक्षा आठशेएक मीटर उंच आहे, म्हणजे फरक सुमारे पाच अंशांचा. ऑक्टोबरात मैदानात सरासरी २६ असेल, तर वर २१ च्या आसपास. वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे तिथे धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. डिसेंबर-जानेवारीत सरासरी १७ वर आली की माथ्यावर संसर्ग जवळजवळ थांबतो.

मे महिन्याचं काय? तेव्हा माथ्यावरही सरासरी २६ च्या पुढे जाऊ शकते, म्हणजे परजीवीला ऊब भरपूर. पण झरे आटलेले असतात, हवा कोरडी असते, डास फार जगत नाहीत. उन्हाळ्यात डोंगरावर गेलेल्या साहेबांना चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी वाचवलं ते थंडीपेक्षा या कोरडेपणानेच.

आणखी एक गोष्ट. हे गणित बाहेरच्या हवेचं आहे. डास रात्री घरात, भिंतीला, कोपऱ्यात बसतो. चूल पेटलेल्या लहानशा घरात बाहेरच्यापेक्षा चार अंश जास्त ऊब असू शकते. बाहेर शेकोटीची थंडी असली, तरी आत परजीवी वाढत राहतो. डोंगरातल्या वस्त्यांना हिवाळ्यातही मलेरिया का सतावतो, याचं एक कारण हे.

मैदानातला रुग्ण, डोंगरावरचा हवापालट

मलेरिया ही फक्त जंगलाची गोष्ट नव्हती, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी त्यांना मलेरिया झाला आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात राहावं लागलं. १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांना पुन्हा मलेरियाने गाठलं. मे महिन्यात सुटका झाल्यावर ते आधी जुहूला आणि जुलैत पाचगणीला विश्रांतीसाठी राहिले.

हवापालटाने अशक्तपणा भरून यायला मदत होते, हे खरं. परजीवी मात्र हवेने मरत नाही, औषधानेच मरतो. मलेरियाचं संशोधन करणारी सरकारी कचेरीसुद्धा १९०९ पासून कसौलीसारख्या थंड ठिकाणी होती. प्रत्यक्ष प्रयोगांचं केंद्र मात्र तिला मैदानात, कर्नालला उघडावं लागलं.

डोंगरातला डास कसा हरला?

१९४६ मध्ये डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घराच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची मोठी मोहीम सुरू केली. कारवारचा सह्याद्रीतला भाग म्हणजे फ्लुव्हिएटिलिसचं घर. तापामुळे तिथली गावं ओस पडली होती. हा डास माणसाला चावून घरातल्या भिंतीवर बसायचा, त्यामुळे डीडीटीला लगेच बळी पडला. काही वर्षांतच तिथला मलेरिया झपाट्याने ओसरला.

या अनुभवाच्या बळावर १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ मध्ये रुग्णांची नोंद एक लाखावर आली. मग ढिलाई झाली. मैदानातला क्युलिसिफेसिस तोपर्यंत डीडीटीला दाद देईनासा झाला होता. १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. त्यानंतर आकडे पुन्हा उतरले आहेत, पण महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार आजही आहे तो गडचिरोलीवर, जंगल आणि डोंगरांच्या जिल्ह्यावर.

रेषा वर सरकते आहे

डोंगरावर एक न दिसणारी रेषा असते. तिच्या वर परजीवी पिकत नाही. ही रेषा कायमची नसते. ती ऋतूप्रमाणे वर-खाली होते आणि वर्षागणिकही हलते. इथिओपिया आणि कोलंबियातल्या डोंगराळ भागांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की ज्या वर्षी हवा जास्त उबदार, त्या वर्षी मलेरिया जास्त उंचीपर्यंत चढतो.

डेंग्यूचं उदाहरण तर शेजारचंच आहे. नेपाळमध्ये डेंग्यूचा पहिला रुग्ण २००४ मध्ये नोंदला गेला. २०२२ मध्ये तिथे ५४ हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि १,४०० मीटर उंचीवरचं काठमांडू खोरं त्यात मोठ्या प्रमाणात होतं. महाबळेश्वरची उंची जवळपास तेवढीच आहे. डेंग्यूचा एडिस डास टाक्या, टायर, कुंड्या यांतल्या साचलेल्या पाण्यावर वाढतो. हॉटेलं आणि रिसॉर्टं वर गेली की त्यांच्यासोबत हे पाणीही वर जातं.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

तळेगाव (श्यामजी पंत) महामार्गावरचं गाव. इथून अमरावती-परतवाडा मार्गे चिखलदरा एका दिवसात करून येता येतं. कामानिमित्त मेळघाटात किंवा गडचिरोलीत मुक्काम करणारे ट्रकचालक, रस्त्याच्या कामावरचे मजूर आपल्या ओळखीत असतात. म्हणून एवढं लक्षात ठेवा:

१. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात डोंगरपायथ्याला मुक्काम असेल तर मच्छरदाणी न्या. मलेरियाचा डास रात्री चावतो, म्हणून संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

२. परतल्यावर एक-दोन आठवड्यांत, कधी महिन्याभराने, थंडी वाजून ताप आला तर पहिल्याच दिवशी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते, आशाताईंकडेही रक्तनमुना देता येतो. फाल्सिपेरम मलेरिया दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत किंवा मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. "व्हायरल असेल" म्हणून वाट पाहण्यात जीव जातो. ग्लानी, झटके, कावीळ किंवा लघवी कमी होणं दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

३. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण कुठे आणि किती रात्री राहिलो, हे स्वतः सांगा. "थंडी होती" म्हणून ते गाळू नका.

४. व्हायवॅक्सचा परजीवी यकृतात लपून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. ऑक्टोबरातल्या चाव्याचा ताप होळीलाही येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी त्या पूर्ण करा. गरोदर स्त्रियांना ही गोळी देत नाहीत, आणि जी-सिक्स-पी-डी या घटकाची कमतरता असणाऱ्यांना ती अपाय करू शकते, तेव्हा मनाने घेऊ नका.

५. तापाचं कारण कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्रुफेन घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालेल.

चिखलदऱ्याला जरूर जा. हिवाळ्यातला तिथला धुक्यातला सकाळचा फेरफटका आणि तिथली कॉफी चुकवू नये अशीच आहे. फक्त निघण्यापूर्वी उंचीसोबत महिनाही बघा, मुक्काम माथ्यावर आहे की खाली ओढ्याकाठी तेही विचारा, आणि परतल्यावर महिनाभर तापाकडे दुर्लक्ष करू नका.